मंदी ओसरली म्हणतात, मग आमच्या विभागाचा बेरोजगारी दर वाढला कसा?

तुम्ही विचारलंय की मंदी सरल्याच्या बातम्या येत असताना तुमच्या विभागाचा बेरोजगारी दर वाढला आणि शेजारच्या विभागाचा घटला, तर शेजारी सावरले आणि आपण बुडालो असं समजायचं का? नुसत्या दरावरून तसं ठरवता येत नाही. प्रत्यक्षात याच्या बरोबर उलटंही असू शकतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. ज्याच्याकडे काम नाही तो प्रत्येक माणूस या हिशेबात बेरोजगार धरला जात नाही. बहुतेक देशांतल्या पाहण्यांत बेरोजगार ठरायला काम नसणं, काम करायची तयारी असणं आणि गेल्या साधारण चार आठवड्यांत काम शोधलेलं असणं, या तिन्ही गोष्टी लागतात. कामावर असलेले आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती होते, आणि त्या श्रमशक्तीत बेरोजगार किती टक्के तो बेरोजगारी दर. शोधून थकलेला माणूस घरी बसला की तो बेरोजगारांत राहत नाही आणि श्रमशक्तीतूनही बाहेर पडतो. म्हणजे अंशातून जातो आणि छेदातूनही. दुसऱ्या टोकाला, त्या आठवड्यात मजुरीवर एक तास काम केलेला माणूसही 'रोजगार असलेला' धरला जातो.

आता एक काल्पनिक विभाग घ्या. कामाच्या वयाची माणसं 1000. त्यांतली 576 कामावर आहेत, 64 काम शोधताहेत. श्रमशक्ती 640, दर 10 टक्के. पुढच्या काही महिन्यांत एकही नवी नोकरी निघाली नाही, पण शोधणाऱ्यांपैकी 20 जणांनी नाद सोडला. उरले 44, श्रमशक्ती 620. दर 7.1 टक्के! मथळा येणार, 'बेरोजगारी घटली'. मग खरोखर सुधारणा सुरू झाली. 10 जणांना काम लागलं, ते बघून घरी बसलेल्यांपैकी 25 जण पुन्हा शोधायला बाहेर पडले. आता कामावर 586, शोधणारे 59, दर 9.1 टक्के. नोकऱ्या वाढल्या आणि दरही वाढला. कामावर असलेल्यांचं कामाच्या वयाच्या लोकांशी प्रमाण मात्र आधी 57.6 होतं, आता 58.6 झालं. खरी हालचाल या दुसऱ्या आकड्यात दिसते.

हे कागदावरचंच गणित आहे असं वाटत असेल तर अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथली मोठी मंदी डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाली आणि अधिकृत कालगणनेनुसार जून 2009 मध्ये संपली. बेरोजगारी दराने 10 टक्क्यांचं शिखर गाठलं ते ऑक्टोबर 2009 मध्ये, म्हणजे मंदी 'संपल्यावर' चार महिन्यांनी. यात फसवाफसवी काही नाही. मागणी परत आली की मालक आधी असलेल्यांकडून जादा तास काम करून घेतो, मग हंगामी माणसं घेतो आणि टिकेल अशी खात्री पटल्यावर कायम भरती करतो. त्यामुळे दर बहुतेक वेळा मागून येतो. पुढे 2013 च्या अखेरीस तो 7 टक्क्यांच्या खाली आला, पण लोकसंख्येत कामावर असलेल्यांचं प्रमाण 2009 च्या अखेरीस होतं जवळजवळ तिथेच, 58 ते 59 टक्क्यांच्या दरम्यान, अडकून होतं. मंदीपूर्वी ते 63 च्या आसपास होतं. ही सगळी तफावत निराशेमुळेच आली असंही नाही, त्या काळात मोठी पिढी निवृत्तीलाही येत होती. वय बघितल्याशिवाय या प्रमाणावरही फार भरवसा टाकू नये. 25 ते 54 वयोगटाचा आकडा वेगळा मिळत असेल तर तो घ्यावा, निवृत्ती आणि शिक्षण दोन्हींचा गोंधळ त्यात कमी असतो.

विभागांच्या बाबतीत यात स्थलांतराची भर पडते. देश सोडून जाणं कठीण, विभाग सोडून जाणं सोपं. मिशिगनमध्ये मोटार कारखान्यांचा कणा मोडला आणि 2000 ते 2010 या दशकात लोकसंख्या घटलेलं ते अमेरिकेतलं एकमेव राज्य ठरलं. जे गेले ते तिथल्या बेरोजगारांत मोजले जात नाहीत. उलट त्याच काळात नॉर्थ डकोटात तेलामुळे दर 5 टक्क्यांच्याही खाली होता आणि माणसं तिकडे ओढली जात होती. कामाच्या शोधात येणारे लोंढे काही काळ दर वर ढकलू शकतात, म्हणून चढा दर हे ओहोटीचंच लक्षण असतं असं नाही.

मी स्वतः यात एकदा तोंडावर आपटलोय. एका विभागाचा दर दोन वर्षांत झपाट्याने उतरला म्हणून अहवालात 'लक्षणीय सुधारणा' असं ठोकून दिलं. वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, "कामावर असलेल्यांची संख्या किती वाढली?" ती घटली होती. तरुण निघून गेले होते, एवढंच. तेव्हापासून मी दराआधी माणसांची संख्या बघतो, टक्केवारी नंतर.

आणखी एक घोळ, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. घरोघरच्या पाहणीत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, आस्थापनांच्या, म्हणजे कारखाने-कार्यालयांच्या, पाहणीत नोकरी जिथे आहे तिथे. तुमच्या विभागातले लोक रोज शेजारी कामाला जात असतील तर तिथला कारखाना बंद पडल्यावर बेरोजगारी तुमच्या खात्यात जमा होईल. दोन पाहण्या परस्परविरोधी दिसल्या तर आधी हे तपासा.

उरला नमुन्याचा प्रश्न. अमेरिकेची मासिक पाहणी सुमारे 60,000 घरांवर चालते. देशासाठी ते पुरतं, पण एखाद्या छोट्या राज्याच्या वाट्याला त्यातली घरं थोडीच येतात. म्हणून तिथे राज्यांचे आकडे सांख्यिकी प्रतिमानांच्या (मॉडेल्सच्या) आधारे काढतात आणि नंतर सुधारतातही. विभागाच्या दरातल्या 0.2 किंवा 0.3 च्या हेलकाव्यावर मी कधीच मत बनवत नाही. सलग तीन-चार महिन्यांची सरासरी काढतो. हंगामी चढउतार काढलेला आकडा नसेल तर मागच्या महिन्याशी तुलना करतच नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो. शेती किंवा पर्यटनावर चालणाऱ्या विभागात हंगाम संपल्यावर दर चढतोच, त्याला मंदी लागत नाही.

तुम्ही फक्त दर दिलेत, त्यामुळे तुमच्या विभागाबद्दल माझं मत राखून ठेवतो. दोन्ही विभागांची कामावर असलेल्यांची आणि शोधणाऱ्यांची संख्या, दोन वर्षांपूर्वीची आणि आताची, मिळाली तर इथेच टाका. तुमच्याकडे दोन्ही संख्या वाढलेल्या आणि शेजारी दोन्ही घटलेल्या निघाल्या, तर मी तुमच्या विभागात नोकरी शोधेन.