जहाजाच्या मागच्या टोकाची बाल्कनी: वाचकांचे प्रश्न

क्रूझच्या केबिनबद्दल येणाऱ्या पत्रांत सध्या एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतोय: जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला असलेल्या, मागे तोंड करून बसायच्या बाल्कन्या. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमची पहिलीच क्रूझ आहे, सात रात्रींची. एजंट म्हणतात, थोडे जास्त भरा पण बाजूची बाल्कनी नको, मागची घ्या. खरंच एवढा फरक असतो, की हा विकण्याचा बहाणा?

फरक असतो, आणि तो मुख्यतः वाऱ्याचा असतो. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललं असेल तर हवा अगदी पडलेली असली तरी बाजूच्या बाल्कनीत तेवढा वारा अंगावर येतो. पुस्तकाची पानं धरून ठेवावी लागतात, चहा हां हां म्हणता गार होतो. मागच्या बाल्कनीला मात्र अख्ख्या जहाजाचा आडोसा मिळतो. त्यामुळे बाजूच्या बाल्कनीत लोक फोटो काढून आत येतात आणि मागच्या बाल्कनीत तासन् तास बसतात. शिवाय बाजूने समुद्राची एकच बाजू दिसते. मागून दोन्ही बाजू दिसतात आणि मधोमध जहाजामागे लांबत जाणारा फेसाळ पाण्याचा पट्टा.

याला अपवाद आहे. वारा जहाजाच्या मागूनच येत असेल आणि जहाजापेक्षा जोरात असेल, समजा ताशी ६० किलोमीटर, तर उरलेला २३ किलोमीटरचा वारा थेट तुमच्या बाल्कनीत येतो. आणि जहाज बंदरात थांबलं की हा सगळा हिशेब संपतो.

म्हणून आधी तुमचा मार्ग बघा. सात रात्रींत रोज नवं बंदर असेल, सकाळी उतरून संध्याकाळी थकून परतणार असाल, तर जादा पैसे भरू नका. दोन-तीन दिवस नुसता समुद्र असेल तर जरूर भरा. एजंटांनी मार्ग न विचारताच मागची केबिन सुचवली असेल, तर तो सल्ला तुमच्यासाठी नव्हता, सगळ्यांसाठी होता.

मला बसमध्येसुद्धा त्रास होतो. मागची केबिन घेतली तर बोट जास्त लागेल का?

हो, लागण्याची शक्यता जास्त. समोरून लाटा आल्या की जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक सी-सॉसारखं आळीपाळीने वर-खाली होतं. मधल्या भागाला हे फारसं जाणवत नाही, टोकांना सगळं जाणवतं. ३०० मीटर लांबीचं जहाज मध्याभोवती फक्त एका अंशाने कललं तरी टोक अडीच मीटरहून जास्त वर किंवा खाली जातं. शांत समुद्रात हे घडतच नाही. घडतं तेव्हा मात्र तुमच्यासारख्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

डावी-उजवीकडे डुलण्याचं गणित वेगळं. ते उंचीबरोबर आणि मध्यरेषेपासूनच्या अंतराबरोबर वाढतं. म्हणजे मागचीच घ्यायची असा हट्ट असेल तर रांगेतली मधली आणि शक्य तितकी खालच्या डेकवरची घ्या, कोपऱ्यातली नको. पण खरं सांगायचं तर बोट हमखास लागणाऱ्याने जहाजाच्या मध्यभागी खालच्या डेकवर राहावं आणि मागचा देखावा बघायला तिथल्या मोकळ्या डेकवर जावं. तिथे बसायला तिकीट लागत नाही.

मागे प्रोपेलर असतात, मग रात्रभर घरघर ऐकत झोपायचं का?

जहाज कोणतं, यावर हे अवलंबून आहे. जुन्या रचनेत यंत्रापासून प्रोपेलरपर्यंत लांबच लांब फिरणारा दांडा असतो, आणि पूर्ण वेगात असताना त्याची थरथर मागच्या भागात जाणवते. १९९८च्या ‘कार्निव्हल इलेशन’पासून क्रूझ जहाजांवर अ‍ॅझिपॉड आले. यात विजेची मोटर जहाजाच्या पोटात नसते. ती पाण्याखाली टांगलेल्या, गोल फिरू शकणाऱ्या कुपीत असते आणि प्रोपेलर बहुधा कुपीच्या पुढच्या तोंडाला असतो. त्यामुळे त्याला स्वच्छ, न घुसळलेलं पाणी मिळतं आणि थरथर बरीच कमी होते. कमी होते म्हणजे नाहीशी होते असं नाही.

खरा त्रास रात्रीचा नसतो, पहाटेचा असतो. धक्क्याला लागताना जहाज पुढे-मागे, आडवं सरकवतात. तेव्हा पाणी जोरात घुसळलं जातं आणि टेबलावरचा पेला किणकिणतो. त्यातच दोर ओढणाऱ्या विंचांचा आवाज. दोर बांधायचा हा डेक मागच्या टोकाला, खालच्या बाजूला असतो आणि त्याच्या लगेच वरच्या केबिनमध्ये साडेपाचला सगळ्यांना जाग येते. म्हणून मागच्या केबिनच्या सगळ्यांत खालच्या एक-दोन रांगा मी टाळायला सांगतो. बोट लागणाऱ्याला खालची सांगितली आणि झोप जपणाऱ्याला वरची सांगतोय, हे खरं आहे. दोन्ही हवं असेल तर मधला डेक.

आणखी एक आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला घाबरवतो. आधुनिक जहाजांचं बूड मागच्या बाजूला रुंद आणि सपाट असतं. जहाज हळू चाललं असेल किंवा थांबलं असेल आणि लाटा मागून येत असतील, तर त्या बुडावर खालून आदळतात. दाणकन आवाज होतो, पलंग हादरतो. काहीही मोडलेलं नसतं.

डेक प्लॅनवर मागच्या सगळ्या केबिन सारख्याच दिसतात. नेमकी कोणती निवडावी?

हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक तो शेवटी विचारतात. केबिनचे फोटो बघत बसू नका, ते सगळे सारखेच असतात. डेक प्लॅनची तीन पानं शेजारी शेजारी उघडा: तुमचा डेक, त्याच्या वरचा, त्याच्या खालचा.

आधी वरचा. तिथे बुफेचा मोकळा गच्चीसारखा भाग किंवा मागचा स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज आणि रात्री उशिरापर्यंत संगीत तुमच्या डोक्यावर. वर केबिनच असतील तर उत्तम. लोक झोपतात तेव्हा तुम्हीही झोपाल. मग खालचा. तिथे जेवणाचा मोठा हॉल असेल तर फारसं बिघडत नाही, नाइट क्लब असेल तर बिघडतं.

मग मागच्या भागाचा आकार. काही जहाजांची मागची बाजू सरळ भिंतीसारखी असते: प्रत्येक बाल्कनीवर वरच्या बाल्कनीचं छत, सावली पूर्ण, एकांतही पूर्ण. काहींची पायऱ्यापायऱ्यांची असते, खालचा डेक वरच्यापेक्षा बाहेर आलेला. अशा जहाजावर खालच्या बाल्कन्या खोल आणि ऐसपैस असतात, पण निम्मा भाग उघडा. ऊन पडतं, पाऊस पडतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकले की तुमच्या ताटात काय आहे ते त्यांना दिसतं. मोठी बाल्कनी म्हणून जास्त पैसे घेतात ती बरेचदा हीच. मला विचाराल तर अर्धी झाकलेली, अर्धी उघडी अशी मधल्या डेकवरची सर्वांत चांगली.

कठडा काचेचा आहे की पत्र्याचा, हेही बघा. काही जहाजांवर खालच्या डेकना भरीव पोलादी कठडा असतो आणि खुर्चीत बसलं की समोर समुद्राऐवजी रंगवलेला पत्रा दिसतो.

कोपऱ्याच्या केबिनची बाल्कनी दोन बाजूंनी वळलेली असते. जागा भरपूर, दृश्य तर विचारू नका, पण तिच्या बाजूच्या भागात वारा लागतो. म्हणजे ज्यासाठी मागे आलात, ती गोष्ट तिथे अर्धीच मिळते.

रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘ओअ‍ॅसिस’ वर्गातल्या जहाजांवर मागची बाजू मधोमध उघडी आहे आणि तिथे पाण्यातल्या खेळांचं अ‍ॅक्वाथिएटर आहे. त्या उघड्या भागातल्या, बोर्डवॉक नावाच्या फिरायच्या जागेकडे तोंड असलेल्या बाल्कन्यांतून जहाजाच्या आतलीच गर्दी जास्त दिसते. या लेखात ज्या मागच्या बाल्कनीबद्दल बोलतोय ती ही नव्हे.

सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर मागच्या केबिनना ‘सनसेट व्हरांडा’ म्हणतात. म्हणजे रोज सूर्यास्त दिसणार ना?

नावात सूर्यास्त आहे, पण सूर्य कंपनीच्या ताब्यात नाही. जहाज पूर्वेकडे चाललं असेल तर तुमची बाल्कनी पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त समोर. बार्सिलोनाहून संध्याकाळी निघून रोमच्या बंदराकडे, चिव्हिताव्हेक्क्याकडे जाताना हे छान जमतं. पश्चिमेकडे चाललं असेल तर सूर्योदय मिळेल, तोही उठलात तर. उत्तर गोलार्धात जहाज दिवसभर उत्तरेकडे चाललं तर दुपारचं ऊन बाल्कनीत ठाण मांडून बसतं. दक्षिणेकडे चाललं तर बरीचशी सावली. नकाशावर मार्ग काढा आणि समुद्रातल्या दिवसांपुढे दिशा लिहा, दहा मिनिटांचं काम आहे.

मागच्या बाल्कनीतल्या खुर्च्यांवर काजळी पडते असं ऐकलं. खरं का?

कधीकधी, हो. धुराडं बहुतेक जहाजांवर मध्याच्या मागे असतं, आणि वाऱ्याचा आडोसा देणारं तेच जहाज आपल्या मागे हवेचे भोवरे तयार करतं. त्या भोवऱ्यांत धूर खाली खेचला गेला की काळे कण खुर्चीवर येतात. धुराडी उंच आणि विशिष्ट आकाराची करतात ती हे टाळण्यासाठीच.

पूर्वीपेक्षा परिस्थिती सुधारली आहे. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. उत्तर अमेरिकेचा किनारा, बाल्टिक आणि उत्तर समुद्रात ती ०.१० टक्के आहे आणि मे २०२५ पासून भूमध्य समुद्रातही तीच. मात्र धूर धुणारी यंत्रणा बसवलेल्या जहाजांना जड तेल जाळायची मुभा आहे. २०१८च्या ‘आयडानोव्हा’पासून आलेल्या, द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजांत काजळी फारच कमी. बाकी कुठेही पांढरे कपडे घालून बसण्याआधी खुर्चीवरून ओला रुमाल फिरवा. जास्त असेल तर केबिन बघणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा, ते धुऊन देतात.

यजमानांना जेवणानंतर एक सिगारेट लागतेच. एवढ्या मागे, उघड्यावर, कोण बघणार?

ओढू देऊ नका. २३ मार्च २००६ला पहाटे जमैकाकडे जाणाऱ्या ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीत आग लागली. बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगारेटने, असा ब्रिटनच्या अपघात तपास शाखेचा निष्कर्ष होता. दोन बाल्कन्यांमधल्या प्लास्टिकच्या आडभिंती पेटत गेल्या, आग डेकमागून डेक चढली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. तोवर बाल्कनी म्हणजे ‘बाहेरची जागा’ समजून आगीचे नियम तिथे ढिले होते. १ जुलै २००८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी बाल्कनीतल्या आडभिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळ्यालाच हात घातला. वरच्या डेकवरून टाकलेलं थोटूक वाऱ्याने खालच्या बाल्कनीत येतं, हे मागच्या बाजूला तर आणखीच खरं. बहुतेक कंपन्यांत बाल्कनीत सिगारेट ओढल्यास मोठा दंड होतो. ओढायची जागा प्रत्येक जहाजावर नेमून दिलेली असते, तिथे जाऊ द्या.

सोबत चार वर्षांचा नातू आहे आणि गुडघेदुखीने बेजार सासूबाई. मागची केबिन झेपेल?

नातवाची काळजी कोणत्याही बाल्कनीत सारखीच. अमेरिकेच्या २०१०च्या कायद्याने कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर हवा. हे मूल जमिनीवर उभं असेल तर पुरेसं आहे, खुर्चीवर उभं असेल तर नाही. पहिल्याच दिवशी खुर्च्या-टेबल कठड्यापासून दूर, भिंतीला लावा आणि दाराची वरची कडी कायम लावून ठेवा.

सासूबाईंचं मात्र बघावं लागेल. जहाज ३०० मीटरहून लांब असू शकतं. जेवणाचा मुख्य हॉल बरेचदा मागेच असतो, ती सोय. नाट्यगृह बहुधा पुढच्या टोकाला, ती गैरसोय. रोज एक लांबलचक कॉरिडॉर दोनदा. मागच्या लिफ्टपासून केबिनचं अंतर प्लॅनवर बघा आणि व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच कळवा.

बुकिंग कधी करावं? शेवटच्या क्षणी स्वस्त मिळेल का?

स्वस्त केबिन मिळेल, मागची मिळेल असं नाही. जहाजाची रुंदी कमी. पनामा कालव्याच्या जुन्या दारांत बसतील अशी जहाजं जेमतेम ३२ मीटर रुंद, म्हणजे एका डेकवर मागे तोंड असलेल्या केबिन मोजक्याच, आणि नेहमीचे प्रवासी त्या तारखा जाहीर झाल्या की लगेच उचलतात. ‘गॅरंटी’ प्रकारात पैसे वाचतात, पण केबिन कंपनी ठरवते. त्यामुळे मागची हवीच असेल तर केबिनचा क्रमांक निवडूनच पैसे भरा, आणि ‘अपग्रेड चालेल का’ असं विचारलं तर नाही म्हणा. नाहीतर कंपनी मोठ्या मनाने तुम्हाला वरच्या श्रेणीत, जहाजाच्या बाजूला नेऊन ठेवेल.