घरच्या गॅरेजमध्ये जॅग्वार डी-टाइपची बॉडी बनवता येईल का? फायबरची करू की अ‍ॅल्युमिनियमची?

येईल. डी-टाइप म्हणजे जॅग्वारची १९५० च्या दशकातली रेसची गाडी. तुम्ही म्हणता की लेस्टरला एका गाडीपुरतं गॅरेज आहे आणि वेल्डिंग थोडंफार येतं, तेवढ्यावर सुरुवात होते. मीही इंग्लंडमध्येच राहतो, अशी एक बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात ठोकून काढली आहे.

एकच गाडी करायची असेल तर फायबरचा साचा घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. फायबर सोपं असा समज आहे. पण आधी पूर्ण आकाराची प्रतिकृती करायची, ती घासून घासून गुळगुळीत करायची (तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो), मग तिच्यावरून साचा आणि साच्यातून बॉडी. म्हणजे एकच गाडी तीनदा बनवायची. दहा बॉड्या विकणाऱ्याला हे परवडतं. फायबरच हवं असेल तर तयार बॉडी विकत घ्या.

पत्र्याला प्लायवुडचा सांगाडा पुरतो. साधारण १०० मिमी अंतरावर आडवे छेद उभे करायचे, उभ्या पट्ट्यांनी अडकवायचे आणि पत्रा लावून बघायचा, कुठे टेकतो, कुठे फट राहते. खरी मेहनत या सांगाड्यात आहे. डी-टाइपचा आकार माल्कम सेअरने काढला. तो विमानांच्या कंपनीतून जॅग्वारमध्ये आलेला, वक्र गणिताने मांडणारा माणूस. त्यामुळे एखादा वक्र जरा ढिला पडला तरी लगेच खुपतो. फोटोंवरून मापं घेऊ नका, लेन्स फसवते. १:१८ च्या खेळण्यावरूनही नको; तिथली १ मिमीची चूक तुमच्या गाडीवर १८ मिमी होते. संग्रहालयातल्या किंवा कुणाच्या खऱ्या गाडीची मापं मिळवा. आणि आधी ठरवा, १९५४ चं आखूड नाक की १९५५ च्या जॅग्वारच्या स्वतःच्या रेस संघाचं लांब नाक. दोन्हींत जवळपास १९ सेंमीचा फरक आहे, नंतर बदलता येत नाही.

मूळ गाडीचा मधला भाग मोनोकॉक होता, तिथे पत्राच भार उचलतो. त्याची नक्कल घरी करू नका. खाली नळ्यांची चौकट घाला, बॉडी नुसती कातडी राहू द्या. सांगाडा पक्का करण्याआधी खरे टायर लावून, सस्पेन्शन दाबून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

पत्रा १०५० ग्रेडचा (जवळपास शुद्ध, मऊ अ‍ॅल्युमिनियम), १.२ ते १.६ मिमी. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने खोलगट करायचा, मग इंग्लिश व्हीलच्या दोन चाकांमधून मागेपुढे फिरवत सारखा करायचा. पुण्याचे तांबट भांडं मठारतात, तशीच ही सवय हाताला लागावी लागते. ठोकून पत्रा कडक झाला की तापवून मऊ करावा लागतो, आणि इथे अ‍ॅल्युमिनियम दगा देतं: लाल न होताच ६६० अंशांना वितळतं. म्हणून साबणाची रेघ ओढा, उलट बाजूने ज्योत फिरवा, रेघ काळपट झाली की थांबा. सांधे टिगपेक्षा (विजेच्या ठिणगीचं वेल्डिंग) गॅस वेल्डिंगने केलेले मला आवडतात. ते मऊ राहतात, ठोकून सपाट करता येतात. फक्त फ्लक्स (वेल्डिंगआधी सांध्याला लावायचं रसायन) गरम पाण्याने नीट धुवा, नाहीतर पुढे रंगाखालून पत्रा खातो.

ठोकाठोकीचा आवाज मात्र भयंकर होतो. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

चाकांवरच्या साध्या पट्ट्यांपासून सुरुवात करा. नाक सगळ्यात अवघड, ते हात बसल्यावर. ड्रायव्हरच्या डोक्यामागचा पंख दिसतो भारी, पण त्यात वक्र फार नाहीत, तो लवकर होतो. रस्त्यावर न्यायची असेल तर आयव्हीए तपासणीत (घरी बनवलेल्या गाडीची इथली सरकारी तपासणी) बाहेर आलेल्या कडांना किमान २.५ मिमी गोलाई लागते. कडा तारेवर वळवून घेतल्या की ते काम त्यातच होतं, शिवाय पत्रा थरथरत नाही.