'त्यांचे डोळे उघड' म्हणताना माझं आमेन अडकलं

प्रिय मावशी, सलाम.

मी ४६ वर्षांची, पिंपरीत राहते, शाळेत शिकवते. माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी देशासाठी प्रार्थना असते आणि गेली चार वर्षं ती चालवायचं काम माझ्याकडे आहे. २०२४ च्या निवडणुकीत घरच्या ग्रुपवर माझं आणि धाकट्या भावाचं वाजलं. तो बोलला ते मला लागलं, मी लिहिलं ते त्याला. त्याने आधी ग्रुप सोडला, मग आमच्या मंडळीत येणंही सोडलं. नाताळाला करंज्यांचा डबा घेऊन गेले, तर भावजयीने तो दारातूनच घेतला. भाऊ आमच्याकडे ढोलकी वाजवायचा. ती ढोलकी अजून माझ्या कपाटावर पडून आहे.

गेल्या शुक्रवारी एका बहिणीने प्रार्थना केली, "प्रभू, त्यांचे डोळे उघड, त्यांची कठीण मनं मोड." सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. माझे ओठ हललेच नाहीत, कारण त्या 'त्यांचे'मध्ये माझा भाऊही होता. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "तुम्ही देशासाठी प्रार्थना करता म्हणे. त्यात आम्ही असतो का गं?" मी हो म्हटलं आणि घरात येऊन रडले.

मी ढोंगी आहे का? हे काम सोडू का? आणि अशा प्रार्थनेने खरंच काही होतं का?

एक बहीण

---

प्रिय ताई, तुलाही सलाम.

तू ढोंगी नाहीस. ढोंगी बाईने सगळ्यांच्या बरोबर आमेन म्हटलं असतं आणि घरी जाऊन गाढ झोपली असती. त्या शुक्रवारी तुझे ओठ अडले, ती माझ्या मते त्या सभेतली सगळ्यात खरी प्रार्थना होती. तिला अजून शब्द सापडले नाहीत, एवढंच.

तुमच्या सभागृहात एक फलक नक्की असणार. बायबलमधल्या दुसऱ्या इतिहासाच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायातलं चौदावं वचन. देशासाठी प्रार्थना म्हटली की आपण सगळे त्याच वचनाकडे धावतो. माझे लोक नम्र झाले, त्यांनी माझा शोध घेतला, आपल्या वाईट मार्गांपासून ते वळले तर मी त्यांचा देश बरा करीन, असं देव शलमोन राजाला सांगतो. येत्या शुक्रवारी सभा सुरू व्हायच्या आधी एकटीच त्या फलकासमोर उभी राहा आणि 'आपल्या' या शब्दावर बोट ठेव. वळायचंय कुणी? माझ्या लोकांनी. कशापासून? आपल्या मार्गांपासून. शेजाऱ्याच्या नाही, सत्तेवर बसलेल्यांच्या नाही, ग्रुप सोडून गेलेल्या भावाच्याही नाही. सगळ्यांच्या तोंडी असलेलं हे वचन आपण शेवटाकडून वाचतो. 'देश बरा करीन' एवढं उचलतो आणि वळायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

दानिएलाचा नववा अध्यायही बघ. बाबेलात बंदिवासात आयुष्य गेलेला माणूस, ज्याच्यात शत्रूंनाही दोष सापडेना. तो गुडघे टेकतो आणि म्हणतो, आम्ही पाप केलं. नहेम्याही तेच म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं. यातल्या कुणालाही 'त्यांनी' म्हणता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं.

हे वाचताना मला नेहमी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री आठवतं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसं गेली आणि मध्ययुगापासून उभं असलेलं सेंट मायकेलचं कॅथेड्रल जळून गेलं. भिंती राहिल्या, छप्पर गेलं. तिथल्या एका पाथरवटाला राखेत छपराच्या दोन जळक्या तुळया क्रुसासारख्या आडव्या-उभ्या पडलेल्या दिसल्या, त्याने त्या तशाच बांधून उभ्या केल्या. त्याच वर्षीच्या नाताळात तिथले प्रमुख रिचर्ड हॉवर्ड त्या उघड्या अवशेषांमधून रेडिओवर बोलले. सूड मनातून काढून टाकायचा आमचा प्रयत्न आहे, मग तो कितीही कठीण असो, असं त्यांनी लोकांना सांगितलं. गावातली मढी नुकतीच पुरली होती, हे लक्षात घे. पुढे त्यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरून घेतले. आपल्या भाषेत सांगायचं तर 'पित्या, क्षमा कर.'

प्रभूचं क्रुसावरचं वाक्य तुला पाठ आहे, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' हॉवर्डनी त्यातलं 'त्यांना' जाणूनबुजून गाळलं. ज्यांचं शहर जळालं त्या माणसांनी. १९५८ पासून तिथे एक छोटी प्रार्थना म्हणतात. राष्ट्राराष्ट्रांत, वंशावंशांत, वर्गावर्गांत फूट पाडणाऱ्या द्वेषापासून तिची सुरुवात होते आणि प्रत्येक ओळीनंतर लोक तेच दोन शब्द म्हणतात. दर शुक्रवारी दुपारी, त्याच उघड्या भिंतींच्या आत. म्हणजे तुमच्यासारखीच शुक्रवारची सभा. आणि गोष्ट शब्दांवर थांबली नाही. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीची तरुण मुलं ड्रेस्डेनला गेली आणि इंग्रज-अमेरिकन बॉम्बमध्ये पडलेलं तिथलं रुग्णालय उभारायला त्यांनी हात लावला.

तेव्हा पहिलं सांगणं हे की काम सोडू नकोस, सर्वनाम बदल. आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. ज्याच्याशी बोलतो तो 'आम्ही'त धरलेला नसतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो तेव्हा त्या 'आमच्या'बाहेर फक्त देव असतो. बाकी सगळे आत. भाऊ आत, काकू आत, ज्याचं नाव टीव्हीवर दिसलं की तू रिमोट शोधतेस तोही आत. रोजची भाकर मागतो ती या सगळ्यांसाठी आणि ऋणांची माफीही या सगळ्यांसाठी.

आता त्या बहिणीविषयी, जिने 'त्यांचे डोळे उघड' म्हटलं. तिला सभेत टोकू नकोस. कदाचित तिच्या माहेरच्या गावी कुणी प्रार्थना सभा बंद पाडली असेल, कदाचित कब्रस्तानाच्या जागेवरून तिच्या लोकांना हेलपाटे पडत असतील. ही भीती खोटी नाही आणि ती गिळून टाक असं मी कुणालाही सांगणार नाही. स्तोत्रसंहिता भरभरून रडते, ओरडते, माझ्या वैऱ्यांपासून मला सोडव म्हणते. त्या बहिणीकडे चहाला जा आणि नीट विचार, तुला काय झालंय? जखम नावानिशी सांगितली गेली की ती प्रार्थनेत रडणं म्हणून येते. नाही सांगितली तर 'त्यांचे डोळे उघड' होऊन येते. समेट म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं, असं समजणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि मला ते मुळीच मान्य नाही. मणिपूरमध्ये कुकी आणि मैतेई समाजांत हिंसाचार उसळला, त्यासाठी तुम्ही २०२३ च्या मे महिन्यापासून प्रार्थना केली असेलच. तिथे कुकी ख्रिस्ती आहेत तसे मैतेई ख्रिस्तीही आहेत आणि दोघांचीही प्रार्थनामंदिरं जळाली. तिथल्यांसाठी प्रार्थना करताना 'ते' म्हणजे नेमके कोण, हे तुला सांगता येईल का? मला येत नाही.

आणि तेवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्याच मंडळ्यांत सोयरीक जमवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी विचारला जातो. देश दुभंगलाय म्हणून आपण रडतो. ती फट आपल्या बाकांच्या मधूनही जाते.

हे मी उंचावर बसून सांगत नाहीये. कितीतरी वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होते तिच्यात दोन तट पडले. कारण आता सांगायलाही लाज वाटते, कमिटीची निवडणूक होती. प्रभूभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट हातोहात पुढे येत होतं आणि माझ्या शेजारी नेमकी त्या तटातली बाई बसली होती. मी ताट तिच्या हातात दिलं नाही, आमच्या मधल्या बाकावर ठेवलं. तिने ते तिथून उचललं. ताट लाकडावर टेकल्याचा तो बारीकसा आवाज मला अजून ऐकू येतो. ती बाई पुढे वारली. तिच्या हातात ताट द्यायचं माझं राहून गेलं ते राहूनच गेलं.

म्हणून भावाचं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ताई, हे नीट वाच. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असं आहे. चूक कुणाची हा हिशेब प्रभूने मागितलेलाच नाही. जायचं तुला आहे.

पण राजकारणावर बोलायला जाऊ नकोस. 'तू म्हणाला होतास ते' अशी सुरुवात केलीस तर दहा मिनिटांत पुन्हा त्याच ग्रुपवर पोचाल. तू लिहिलंस त्यातलं एक वाक्य असं असेल जे लिहायला नको होतं. तुला ते माहीत आहे, म्हणूनच तुझ्या पत्रात त्याचे शब्द लागल्याचं आधी आलं आणि तुझं नंतर. तेवढ्या एका वाक्याची माफी माग. तुझं मत बदलायची गरज नाही, त्याचंही नाही.

तुझा तिसरा प्रश्न, याने काही होतं का? तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात निकोलाय चर्च आहे. १९८२ पासून तिथे दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होऊ लागली. काही सोमवार असे गेले की मोजकीच माणसं आली. दारावर पाटी होती, सर्वांसाठी खुले. सात वर्षं हे असंच चाललं. पहिल्या वर्षी तिथल्या एखाद्या बाईने पाळकांना विचारलं असतं, याने काय होतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं? ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी सरकारी पक्षाने आपली शेकडो माणसं दुपारपासूनच चर्चमध्ये पाठवली. बाकं आधीच भरून टाकायची, म्हणजे इतरांना जागा उरणार नाही. सभेनंतर सरकारविरुद्ध निघणारा मोर्चा अडवायला बाहेर पोलीस आणि सैनिक तयार होते आणि रुग्णालयांत जादा रक्त आणून ठेवल्याची बोलवा गावभर होती. पाळक ख्रिस्तियान फ्युरर यांनी त्या माणसांना बाहेर काढलं नाही. त्यांचं स्वागत केलं आणि वरचे सज्जे नंतर येणाऱ्यांसाठी राखून ठेवले. ज्यांना बाकं अडवायला पाठवलं होतं ती माणसं बसून प्रभूची वचनं ऐकत होती, 'जे दीन ते धन्य' ऐकत होती. सभा संपली तेव्हा बाहेर सत्तर हजारांच्या आसपास लोक उभे होते, पुष्कळांच्या हातात मेणबत्त्या. फ्युरर पुढे सांगायचे की मेणबत्ती धरायला दोन हात लागतात, एकाने धरायची, दुसऱ्याने वाऱ्यापासून जपायची, मग दगडाला हात उरत नाही. त्या रात्री गोळी सुटली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत पडली.

प्रार्थनेने भिंत पाडली असं मी म्हणत नाही, तिच्या पडण्याला कारणं पुष्कळ होती. पण त्या रात्री दगड उचलला गेला नाही, हे सात वर्षांच्या सोमवारांचं फळ आहे असं मी मनापासून मानते. यातून मी स्वतःसाठी एक नियम करून घेतलाय. जो माणूस समोरच्या बाकावर बसलेला असताना मी जी प्रार्थना मोठ्याने म्हणू शकणार नाही, ती त्याच्या पाठीमागेही म्हणायची नाही. शुक्रवारी हा नियम सगळ्यांना सांग. सुरुवातीला सभा जरा शांत-शांत होईल, होऊ दे.

काकूंना मात्र उत्तर द्यायचं राहिलंय. तू हो म्हणालीस, ते खरं करून टाक. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायात देव बाबेलातल्या बंदिवानांना सांगतो, ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. आणि आपण तर बंदिवान नाही, हे आपलंच गाव आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. आपल्या मराठी मातीत हे नवीन नाही. काकूंच्या घरी जा आणि विचार, या शुक्रवारी तुमच्यासाठी काय मागू? त्या सुनेचे दिवस भरत आलेत म्हणतील, मुलाच्या नोकरीचं सांगतील, सोसायटीच्या पाण्याचं सांगतील. ते वहीत लिहून घे आणि पुढच्या आठवड्यात जाऊन विचार, काय झालं? तुमच्या यादीत राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री असतातच आणि असावेतही, पौलाने तीमथ्याला तेच सांगितलंय. पण त्यांच्या ओळीत काकूंची सून आली की तुझं आमेन पुन्हा सुटेल असं मला वाटतं.

राहिली ढोलकी. ती परत द्यायला जाऊ नकोस. परत दिलीस तर सगळं मिटवून टाकल्यासारखं होईल. दोन वर्षं कपाटावर पडून ती उतरली असणार, पुडी सैल पडली असणार. कापडाने पुसून काढ, एकदा थाप मारून बघ. मग भावाला फोन लाव. ग्रुपवर नाही आणि मेसेजही नाही, फोन. ते एक वाक्य आणि त्याची माफी आधी. मग म्हण, ढोलकी उतरलीय रे, मला काही चढवता येत नाही, कधी येतोस?

तुझी,
मावशी