आधी यंत्र, मग मॉडेल: वातावरण-रसायनाच्या वाटेवर निघताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

वायुप्रदूषणावर संशोधन करायचं ठरवलंस याचा मनापासून आनंद झाला. हवेतल्या घडामोडींचं गणित संगणकावर मांडणारं कुठलं मॉडेल आधी शिकू, असं विचारलं आहेस. मॉडेल शिकशीलच, पण माझं ऐकशील तर पहिलं वर्षभर यंत्राजवळ राहा. नवख्या संशोधकाचे निष्कर्ष कोसळतात ते बहुतेक वेळा हातातला आकडा नेमका कशाचा आहे हे माहीत नसल्यामुळे.

प्रदूषणाच्या कुठल्याही आकड्यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात. किती सोडलं गेलं, ते किती हवेत पसरलं, वाटेत त्याचं काय रूपांतर झालं आणि यंत्राला त्यातलं काय दिसलं. रात्री जमिनीलगतचा मिश्रणाचा थर बऱ्याचदा काहीशे मीटरच उंच असतो, दुपारी तोच एक-दोन किलोमीटरपर्यंत जातो. धूर तेवढाच निघत राहिला तरी सकाळचा आकडा दुपारी निम्म्याखाली येऊ शकतो. तो आलेख पाहून ‘दुपारी उत्सर्जन कमी होतं’ असं लिहिलंस, तर परीक्षक पुढचं पान वाचणार नाही.

सुरुवात फिल्टरपासून कर. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण; ते गोळा करणाऱ्या नेहमीच्या उपकरणात मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढली जाते, म्हणजे २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. हवेत घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम कण असतील, तर दिवसभराची कमाई जेमतेम एक मिलिग्रॅम. तीही दोन वजनांच्या वजाबाकीतून मिळते. म्हणून एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू लागतो. टेफ्लॉनचा फिल्टर हवा ओढण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजनापूर्वी किमान २४ तास २० ते २३ अंश सेल्सियस तापमानात आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवावा लागतो. टेफ्लॉनवर स्थिर विद्युतभार साचतो आणि तराजूचा आकडा सरकत राहतो. वजनाआधी तो भार घालवला नाहीस तर सगळी मेहनत वाया. प्रवाह १६.७ वरून घसरला तर नुसती हवा कमी जात नाही. सायक्लोनमधला, म्हणजे हवा गरगर फिरवून मोठे कण बाजूला काढणाऱ्या भागातला, वेग कमी होतो, मोठे कणही पार होतात आणि वजन फुगतं. म्हणून प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे तपास.

कोरे फिल्टरही केंद्रावर नेऊन, बसवून, हवा न ओढता परत आण. त्यांच्यावर वाढलेलं वजन ही तुझ्या हाताळणीची घाण असते आणि ती कळल्याशिवाय नमुन्याच्या वजनाला अर्थ नाही. त्यातही एक अडचण उरते. अमोनियम नायट्रेट उन्हाच्या तापाने फिल्टरवरूनच उडून जातं, तर सेंद्रिय कार्बनसाठी वापरायच्या क्वार्ट्झ फिल्टरवर वायुरूप संयुगं चिकटून बसतात. एक चूक आकडा कमी करते, दुसरी वाढवते. दोन्ही परस्परांना खोडतात असं मानून पुढे जाऊ नकोस. त्या वेगवेगळ्या पदार्थांच्या आणि वेगवेगळ्या ऋतूंतल्या चुका आहेत.

वायूंकडे आलं की सर्वांत जास्त फसवतो नायट्रोजन डायऑक्साइड. प्रचलित यंत्र खरं तर नायट्रिक ऑक्साइड मोजतं. ओझोनशी अभिक्रिया झाली की जो प्रकाश निघतो, तो मोजतं. डायऑक्साइडसाठी हवा सुमारे ३२५ अंश सेल्सियसला तापवलेल्या मॉलिब्डेनम धातूवरून नेतात, त्याचं नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात आणि दोन वाचनांची वजाबाकी करतात. पण तापलेलं मॉलिब्डेनम निवडक नसतं. पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट, नायट्रस आम्ल, नायट्रिक आम्लाचा काही भाग, हे सगळं तिथे रूपांतरित होऊन ‘डायऑक्साइड’ म्हणून मोजलं जातं. रहदारीच्या रस्त्याकडेला ताज्या धुरात ही चूक लहान असते. उन्हात काही तास मुरलेल्या हवेत, शहरापासून दूर, दुपारी ती फार मोठी होते. म्हणजे जिथे तुला रसायन शोधायचं आहे, नेमकं तिथेच यंत्र दगा देतं. सुमारे ३९५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने रूपांतर करणारं यंत्र मिळालं तर घे. नाही मिळालं, तर प्रबंधात कन्व्हर्टरचा, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या भागाचा, प्रकार पहिल्याच पानावर लिही.

नळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. हवा यंत्रापर्यंत आणायला पीएफए (टेफ्लॉनसारखंच प्लास्टिक) किंवा टेफ्लॉनची नळी वापर, रबर ओझोन खाऊन टाकतं. लांबीचा हिशेब स्वतः कर. आतला व्यास ४ मिलिमीटर, लांबी ५ मीटर आणि प्रवाह मिनिटाला ०.६ लिटर असेल, तर हवेला यंत्रापर्यंत यायला सव्वासहा सेकंद लागतात. हवेत ४० पीपीबी (अब्ज भागांत ४० भाग) ओझोन असेल तर खोलीच्या तापमानाला नायट्रिक ऑक्साइडचा दर सेकंदाला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास ऱ्हास होतो. म्हणजे अंधाऱ्या नळीतच दहा टक्के गेला आणि तेवढाच डायऑक्साइड वाढला! उपाय स्वस्त आहे. वेगळा पंप लावून मुख्य नळीतून जास्त हवा ओढ आणि यंत्राला त्यातून लागेल तेवढीच दे. नळीच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर मळला की ओझोनचा आकडा हळूहळू उतरत जातो. तो बदलल्याची तारीख नोंदवलेली नसेल, तर पुढे तो उतार खरा समजून कुणीतरी त्यावर शोधनिबंध लिहील.

हे सगळं जमल्यावर रसायनाची खरी गोडी कळते. १९५२ च्या डिसेंबरातला लंडनचा धुरका कोळशाचा धूर आणि सल्फर डायऑक्साइडचा होता. लॉस एंजेलिसचा वेगळा होता, उन्हात वाढणारा, रबराला भेगा पाडणारा. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात मिळून ओझोन तयार करतात, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हागेन-स्मिट यांनी दाखवलं. ते मूळचे अननसाच्या गंधद्रव्यांवर काम करणारे जीवरसायनज्ञ. तेव्हा आपली पदवी नेमक्या विषयातली नाही याची चिंता करू नकोस. १९७१ मध्ये वातावरण-रसायनज्ञ लेव्ही यांनी पुढचा दुवा मांडला. भूपृष्ठालगतच्या हवेतली बहुतेक रासायनिक अभिक्रिया हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन अणू असलेला अतिक्रियाशील तुकडा, चालवतं. दिवसा घनसेंटिमीटरमध्ये त्याचे साधारण दहा लाख रेणू असतात, तर हवेचे एकूण रेणू २.५ गुणिले १० चा १९ वा घात. आयुष्य सेकंदभर किंवा त्याहूनही कमी. इतक्या विरळ गोष्टीवर मिथेनचं आयुष्य ठरतं, याचं आश्चर्य मला अजूनही वाटतं.

याच रसायनामुळे धोरणाचे सोपे हिशेब चुकतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी भरलेल्या शहरात ती कमी केली की ओझोन आधी वाढतो, कारण ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटतो आणि हायड्रॉक्सिलला नायट्रिक आम्लात अडकवणारा डायऑक्साइडही घटतो. सुट्टीच्या दिवशी कित्येक शहरांत हेच दिसतं, २०२० च्या टाळेबंदीतही अनेक ठिकाणी दिसलं. त्यामुळे ‘वाहनं कमी केली तरी हवा सुधारत नाही’ असं कुणी म्हणालं, तर एकट्या ओझोनवर बोलू नकोस. नायट्रिक ऑक्साइडने ओझोन खाल्ला की तेवढाच डायऑक्साइड बनतो, म्हणून दोन्हींची बेरीज काढून पाहा, मग बाष्पनशील (सहज वाफ होणाऱ्या) सेंद्रिय संयुगांकडे वळ.

स्वस्त सेन्सरचा मोह होईल. वापर, पण आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रकाश विखुरण्यावर चालणारा सेन्सर ते पाणीही धूळ म्हणून मोजतो. संदर्भयंत्राशेजारी निदान काही आठवडे, शक्यतो दोन ऋतूंत, ठेवल्याशिवाय त्याचा आकडा छापू नये. एका गावातली दुरुस्ती दुसऱ्या गावात तशीच लावू नये. स्रोतनिश्चितीच्या, म्हणजे प्रदूषण कुठल्या स्रोतातून किती आलं हे काढण्याच्या, गणितात मिळणाऱ्या घटकांवर नाव लिहिलेलं नसतं. ते तू देणार, म्हणून पुराव्याशिवाय देऊ नकोस. लाकूडजाळासाठी लेव्होग्लुकोसान, म्हणजे लाकूड जळताना निघणारं खुणेचं संयुग, पाहा, पण तेही हवेत झिजतं हे ध्यानात ठेव.

आकडे हाताळताना मूळ फाइलला कधीही हात लावू नकोस. वेळ स्थानिक की जागतिक, तासाच्या सुरुवातीची की शेवटची, हे लिहून ठेव. शून्याजवळची ऋण वाचनं खोडलीस तर सरासरी उगाच वर जाते.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहण्याआधी प्रयोगशाळेची नोंदवही मागून बघ. अंशांकनाच्या (यंत्र ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहण्याच्या) तारखा त्यात सलग असतील तर तिथे जा. नोकऱ्या विद्यापीठाबाहेरही आहेत. नियामक संस्था, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या, उपग्रहांची माहिती हाताळणारे गट, सगळ्यांना आकड्यावर शंका घेता येणारी माणसं हवी असतात. रासायनिक अभिक्रियांची गतिकी, वर्णपटशास्त्र, संख्याशास्त्र आणि पायथन किंवा आर ही संगणकभाषा, एवढी शिदोरी पक्की असू दे.

आता या महिन्याचं काम. तीनच अभिक्रियांचं मॉडेल लिही: डायऑक्साइडचं प्रकाशविघटन, ऑक्सिजन अणूपासून ओझोन, आणि ओझोन-नायट्रिक ऑक्साइड अभिक्रिया. विघटनाचा दर सेकंदाला ०.००८ धर. दोन्ही ऑक्साइडं समान असताना ओझोन १८ पीपीबीच्या आसपास स्थिरावायला हवा. छोट्या पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या साध्या ऑयलर पद्धतीने गणित फुटेल, कारण ऑक्सिजन अणूचं आयुष्य मायक्रोसेकंदांत असतं; ताठर समीकरणांसाठीचा (खूप जलद आणि खूप संथ बदल एकत्र हाताळणारा) सॉल्व्हर घे. कोड आणि आलेख दोन्ही पाठव.