जन्मजात आणि आनुवंशिक

प्रश्न असा : 'जन्मजात हृदयविकार' आणि 'आनुवंशिक हृदयविकार' एकच का? आणि अनुवंशिक लिहावे की आनुवंशिक?

लेखनाचे उत्तर सोपे आहे. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते. समाज-सामाजिक, अनुषंग-आनुषंगिक, तसेच आनुवंशिक. 'अनुवंशिक' सर्रास छापले जाते, तरी ते चूकच.

अर्थाचे मात्र नीट पाहायला हवे. 'जन्मजात' हा शब्द विकार केव्हापासून आहे ते सांगतो, 'आनुवंशिक' तो कुठून आला ते. मी वैद्यकातला नाही, पण प्राण्यांच्या जनुकांविषयी मिळेल ते वाचतो, आणि हा फरक मला मांजरांमुळे कळला. मेन कून या मांजरांच्या जातीत हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा विकार आढळतो. त्यामागचा एका जनुकातला बदल २००५ मध्ये सापडला. पिल्लू जन्मते तेव्हा हृदय बहुधा ठीकठाक असते. स्नायू जाड होतो तो पुढे, वाढत्या वयात. म्हणजे विकार आनुवंशिक, पण जन्मजात नव्हे. गंमत पाहा, माणसांमध्ये याच विकाराशी जे जनुक सर्वाधिक जोडलेले आढळते, तेही हेच! एवढ्या दूरच्या दोन प्राण्यांच्या हृदयात एकच धागा, हे वाचून मी कितीतरी वेळ थक्क होतो. माणसांतही हा विकार अनेकदा तरुणपणी किंवा त्यानंतरच कळतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे बदललेले जनुक असेल, तर ते येण्याची शक्यता प्रत्येक अपत्याला निम्मी, आणि ते आले तरी विकार होईलच असे नाही. म्हणून 'खाण तशी माती' ही म्हण इथे लावू नये.

उलट बाजूही आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळाच्या हृदयात दोष राहू शकतो. तो जन्मजात, पण आनुवंशिक नाही. त्याला 'घराण्यातला' म्हटले तर घराण्यावर उगाच ठपका येतो.

'जनुकीय' आणखी वेगळा. जनुकांत किंवा गुणसूत्रांत बदल आहे, एवढेच तो सांगतो; तो बदल वारशाने आला की नाही, हे नाही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असते आणि अशा जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, पण ते गुणसूत्र बहुतेक वेळा पेशीविभाजनातल्या चुकीने आलेले असते, वारशाने नाही.

'उपजत' मात्र यात ओढू नये. मराठीत तो बहुधा गळा, बुद्धी, समज यांच्यासाठी शोभतो.