भाऊ मनोरुग्णालयातून घरी येतोय, पुढचे उपचार गावाकडून कसे चालू ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की भावाला बायपोलर (मन कधी खूप चढतं, कधी खूप खचतं असा आजार) आहे, नागपूरच्या मनोरुग्णालयातून पुढच्या आठवड्यात सोडणारेत आणि तुमचं गाव यवतमाळच्या पुढे. माझ्या ताईला हाच आजार आहे, तिचं औषधपाणी मीच बघते, म्हणून सांगते, डिस्चार्जच्या दिवशी अजिबात घाई करू नका. पुढची तारीख कधी, गोळ्या किती दिवसांच्या दिल्यात आणि संपल्यावर कुठून घ्यायच्या हे विचारल्याशिवाय निघायचंच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९८ मध्ये सोडताना पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून पुढच्या उपचारांचं ठरवायचं असं लिहिलंय, त्यामुळे विचारताना संकोच नको. यवतमाळलाच दाखवलं तर चालेल का तेही विचारा. आणि औषधाचं मूळ नाव डोससकट लिहून घ्या कारण गावातल्या मेडिकलमध्ये तोच ब्रँड मिळेल असं नसतं.

या आजारावरची लिथियमची गोळी चालू असेल तर मात्र नीट ऐका. रक्तातली लेव्हल, किडनी, थायरॉइड हे डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायचंच, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच जपायचं, घाम, जुलाब, उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, त्यानेही वाढतं. हात खूप थरथरायला लागले, तोल जातोय, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर लगेच दवाखाना.

काही महिन्यांनी तो म्हणेल मी आता बरा आहे, गोळ्या कशाला, आणि एखादा काका त्याला दुजोराही देईल. तो गोळ्यांमुळेच बरा असतो हो! बंद करायच्या की कमी करायच्या ते डॉक्टरच ठरवणार. पण पाहुण्यांसमोर "गोळी घेतलीस का" असं ओरडून विचारू नका, माणसाला फार लागतं ते. तो शांत असताना त्याच्यासोबत बसून लिहा की आजार उलटायला लागला की आधी काय बदलतं. ताईची झोप आधी जाते, रात्री दोनला ती फळीवरची सगळी भांडी काढून घासत बसते, तसं दिसलं की आम्ही तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावतो.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. मरणाची भाषा केली तर "काहीतरीच बोलतोस" म्हणून उडवून लावू नका, त्याला एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटलला न्या. रात्री-बेरात्री काही सुचेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.