ग्रामीण काउंटीसाठी पहिला पगारी फायर चीफ निवडताना काय पाहावे?

आपल्या काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अग्निशमन सेवा आजवर स्वयंसेवकांच्या भरवशावर चालत आली आहे, आता प्रथमच पगारी फायर चीफ, म्हणजे अग्निशमन प्रमुख, नेमायचे ठरले आहे, निवड समितीवर नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून आपले नाव गेले आहे, आणि या क्षेत्रातले काही कळत नसताना उमेदवारांत नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अशाच एका ग्रामीण काउंटीत राहतो, तिथल्या एका स्वयंसेवी दलाचे हिशेब पाहतो आणि अशा एका निवड समितीवर काम केलेले आहे. आग विझवायला मात्र मी कधी गेलेलो नाही. त्यामुळे पुढे लिहिलेले समितीच्या खुर्चीतून पाहिलेले आहे, असे समजून वाचावे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अग्निशमन दल म्हटले की महापालिकेचा लाल बंब, पगारी जवान आणि नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकून आलेला अधिकारी उभा राहतो. अमेरिकेत मात्र एकूण अग्निशामकांपैकी सुमारे 65 टक्के स्वयंसेवक आहेत आणि खेड्यापाड्यांत तर बहुतेक सारी मदार त्यांच्यावरच असते. पेजर वाजला की हातातले काम टाकून ही माणसे निघतात. शिवाय पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवी दल ही स्वतंत्र ना-नफा संस्था असते. इमारत तिची, बंब तिच्या नावावर आणि तिचा स्वतःचा चीफ सभासदांनी मतदानाने निवडलेला. अशा दलांवर काउंटीने वरून आणून बसवलेला माणूस हुकूम सोडू लागला, तर एक दिवस पेजर वाजेल आणि कोणी येणार नाही. ज्यांना पगार नाही त्यांना नोकरीवरून काढण्याची भीतीही नाही. म्हणून माझ्या मते या पदासाठी पहिली कसोटी एकच आहे: जिथे आपला अधिकार तोकडा आहे, तिथे हा माणूस लोकांकडून काम करवून घेऊ शकतो का?

त्याआधी एक काम समितीने स्वतः करायचे असते आणि ते बहुधा राहून जाते. जाहिरात देण्यापूर्वी बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडून, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाकडून, हे लेखी ठरवून घ्यावे की घटनास्थळी अंतिम आज्ञा कोणाची चालेल, बंबांची खरेदी कोण करील, प्रशिक्षण अपुरे असलेल्या स्वयंसेवकाला थांबवण्याचा अधिकार कोणाला असेल आणि नवा चीफ काउंटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पगारी अधिकाऱ्याला) उत्तरदायी असेल की थेट बोर्डाला. आमच्याकडे आलेल्या एका उमेदवाराने पगाराचा विषय काढण्याआधी दलांशी काउंटीचा लेखी करार आहे का, असे विचारले, आणि माझे लक्ष त्याच्याकडे तिथेच गेले.

जाहिरातीतल्या पात्रतेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फायर ऑफिसरची प्रमाणपत्रे चार पातळ्यांची असतात आणि मोठ्या घटनेची सूत्रे सांभाळण्यासाठी आयसीएस-300 व 400 हे अभ्यासक्रम झालेले असावेत. मेरीलँडमधल्या एमिट्सबर्ग येथील नॅशनल फायर अकॅडमीचा एक्झिक्युटिव्ह फायर ऑफिसर हा कार्यक्रम पूर्ण केलेला असेल तर उत्तमच. पदव्युत्तर पदवीची अट मात्र घालू नये. ग्रामीण पगारात ती मागितली की अर्जांची संख्या तेवढी घटते.

उमेदवार शहरातला असेल तर त्याला पाण्याविषयी जरूर विचारावे. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ, असतो. आपल्याकडे मैलोन्मैल नसतो. साधारण बंबात 1,000 गॅलन, म्हणजे सुमारे 3,800 लिटर पाणी मावते. मिनिटाला प्रत्येकी दीडशे गॅलन देणारे दोन होज (पाण्याचे पाइप) एकदम सुरू केले, तर ही टाकी साडेतीन मिनिटांच्या आत रिकामी होते. पुढचे पाणी टँकरने येते आणि ते कसे येते हे एकदा सरावाच्या दिवशी उभे राहून पाहण्यासारखे आहे. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीसारख्या जाड कापडाची घडीची टाकी उघडून ठेवतात, टँकर तिला पाठ लावून मागची झडप उघडतो, सगळे पाणी भसाभस ओतून लगेच भरायला निघून जातो आणि तोवर दुसरा टँकर मागे येऊन उभा राहिलेला असतो. बंब त्या टाकीतून पाणी ओढत राहतो. भरण्यासाठी कोणाच्या तरी शेततळ्यात ड्राय हायड्रंट, म्हणजे काठावर तोंड काढलेला कायमचा पाइप, बसवून ठेवलेला असतो. ही साखळी चालण्यासाठी तीन-चार दलांचे टँकर पहिल्याच निरोपात निघावे लागतात, त्यासाठी शेजारच्या काउंट्यांशी परस्पर-मदतीचे करार लागतात आणि तळ्याच्या मालकाशी गोडीगुलाबी लागते. ज्या उमेदवाराला हे सगळे न अडखळता सांगता आले, त्याने खेड्यात काम केले आहे असे समजावे. टँकर कोण चालवतो, हेही विचारावे; भरलेला टँकर वळणावर उलटून स्वयंसेवक दगावल्याच्या घटना या देशात वारंवार घडलेल्या आहेत.

मनुष्यबळासाठी एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे 1720 हे मानक डोळ्यांखालून घालावे. दर चौरस मैलात 500 पेक्षा कमी वस्ती असलेल्या भागात सहा जण 14 मिनिटांत पोचावेत आणि हे 80 टक्के वेळा साधावे, असे ते सांगते. रात्री हे जमते. कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता, जेव्हा निम्मी माणसे तासाभराच्या अंतरावर नोकरीला गेलेली असतात, तेव्हा जमत नाही. उमेदवाराला नेमके त्या दुपारचे विचारावे. फक्त पगारी माणसे वाढवा असे तो म्हणाला, तर त्याने आपला अर्थसंकल्प वाचलेला नाही. दिवसापुरते दोन पगारी कर्मचारी, दोन दलांना एकाच वेळी निरोप, नोकरीवरून सोडायला तयार असलेल्या स्थानिक मालकांची यादी, असे काही तो जोडून सांगू लागला तर ऐकत राहावे. येणाऱ्या निरोपांत आगींपेक्षा वैद्यकीय मदतीचे प्रमाण कितीतरी जास्त असते, हेही त्याच्या उत्तरात यायला हवे.

मुलाखतीत मला सर्वांत उपयोगी वाटलेला प्रश्न असा होता: पस्तीस वर्षे सेवा केलेले, सगळ्या गावाला प्रिय असलेले एक गृहस्थ आता श्वसनयंत्र पाठीवर घेऊन आत जाण्याच्या प्रकृतीचे राहिलेले नाहीत, आपण काय कराल? कामावर असताना होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत हृदयविकार हे सर्वांत मोठे कारण आहे, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही. नियम दाखवून त्यांना थांबवीन, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने सांगितले की मी आधी त्यांच्या घरी जाईन, पंप चालवण्याचे आणि नव्या मुलांना तयार करण्याचे काम त्यांच्याकडे मागीन, आणि तरीही ते ऐकत नसतील तर आत जाऊ देणार नाही. समितीचे मत तिथे जवळजवळ ठरले.

आपल्या काउंटीत खतांचे गोदाम असेल तर टेक्सासमधल्या वेस्ट या गावचा विषय अवश्य काढावा. तिथे 17 एप्रिल 2013 रोजी खत कंपनीला आग लागली, साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा थोड्याच वेळात स्फोट झाला आणि 15 माणसे गेली. त्यांतले 12 जण मदतीला धावून गेलेले होते आणि त्यांतले बहुतेक स्वयंसेवक अग्निशामक होते. कोणत्या गोदामात काय आहे हे आधी पाहून ठेवणे आणि कुठे आग विझवायला न जाता लोकांना दूर हलवायचे हे आधी ठरवणे, ही कामे चीफची आहेत.

उरलेला भाग कागदाचा आहे, पण तो कमी लेखू नये. आयएसओ ही विमा कंपन्यांसाठी जोखीम मोजणारी इथली संस्था प्रत्येक भागाच्या अग्निसुरक्षेला 1 ते 10 असा वर्ग देते. 10 म्हणजे सुरक्षा नाहीच, आणि केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांपलीकडची घरे बहुधा त्यातच जातात. अनेक विमा कंपन्या या वर्गावर हप्ता ठरवतात, म्हणून करदात्याला चीफचे काम प्रथम तिथे दिसते. फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून अग्निशमन दलांना मिळणाऱ्या एएफजी अनुदानात 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या भागाला स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के भरावा लागतो. उमेदवाराने असा अर्ज स्वतः लिहिला आहे का, की नुसती सही केली आहे, हे विचारावे. कामगार कायद्याची एक खोचही त्याला ठाऊक असावी: काउंटीचा पगारी अग्निशामक त्याच काउंटीसाठी तेच काम स्वयंसेवक म्हणून करू शकत नाही, आणि मग स्वयंसेवी दल काउंटीपासून खरोखर वेगळे आहे की नाही, यावर पुढचा जादा वेळेच्या (ओव्हरटाइमच्या) पगाराचा हिशेब ठरतो.

आपण स्वतः वय, धर्म, लग्न, मुलेबाळे यांविषयी एक अक्षरही विचारू नये. आपल्याकडच्या सहज गप्पांत हे येऊन जाते आणि इथे ते खटल्यापर्यंत जाऊ शकते. वैद्यकीय तपासणी सशर्त नेमणूकपत्र दिल्यानंतरच करता येते. शेवटच्या दोन-तीन उमेदवारांना एका संध्याकाळी केंद्रावर स्वयंसेवकांबरोबर जेवायला बोलवावे आणि समितीने त्या वेळी कडेला बसावे. संदर्भांसाठी फोन करताना त्याच्या वरिष्ठांइतकेच त्याच्या हाताखालच्या कॅप्टनांना आणि जुन्या काउंटीच्या डिस्पॅच केंद्रालाही, म्हणजे मदतीचे फोन घेऊन दलांना निरोप देणाऱ्या केंद्रालाही, विचारावे. रात्री तीन वाजता रेडिओवर तो कसा बोलतो, हे त्या केंद्रातल्या माणसांना पक्के माहीत असते.